पाय सरळ झाला, तरी बूट काढू नका

“डॉक्टर, पाय तर आता छान सरळ झाला. मग हे दांडीचे बूट अजून कशाला?” हा प्रश्न मला दवाखान्यात क्लबफूटच्या वारी निदान एकदा तरी ऐकावा लागतो. विचारणारी कधी बाळाची आई असते, पुष्कळदा आजी असते, आणि वडील मागे उभे राहून उत्तराकडे कान लावून असतात. प्रश्न अगदी रास्त आहे. जन्मतः आत वळलेले पाऊल दीड-दोन महिन्यांच्या प्लास्टरनंतर खरोखरच इतके सुरेख दिसू लागते, की बाळाला पुन्हा कशात तरी अडकवून ठेवणे घरच्यांच्या जिवावर येते. पण ज्या घरात या प्रश्नाचे उत्तर “आता राहू दे” असे दिले जाते, त्या घरातले बाळ बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत वाकडे पाऊल घेऊन परत येते. म्हणून आजचा लेख प्लास्टरविषयी नाही. प्लास्टर निघाल्यानंतर घरात जी चार वर्षे काढावी लागतात, त्यांच्याविषयी आहे.

ज्या वाचकांना हा विकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्लबफूटमध्ये बाळाची टाच वर ओढलेली असते, पावलाचा पुढचा भाग आत वळलेला असतो आणि तळवा एकमेकांकडे पाहत असतो. साधारणपणे दर हजार बाळांमागे एकाला हे व्यंग असते. मुलग्यांत त्याचे प्रमाण मुलींच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि निम्म्या बाळांत दोन्ही पाय वाकडे असतात. आपल्याकडे पुष्कळजण या बाळाला ‘पायाळू’ म्हणतात, ते चूक आहे. पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेले बाळ. ती जन्माची पद्धत झाली, पावलाचा विकार नव्हे.

दुसरा गैरसमज अधिक त्रासदायक आहे. ग्रहणात गर्भवतीने काही चिरले, शिवले किंवा दुमडले म्हणून बाळाचा पाय दुमडला, असे सर्रास बोलले जाते. याला कसलाही आधार नाही. बहुतेक बाळांत नेमके एक कारण सापडत नाही. काही घराण्यांत हा विकार एकाहून अधिक जणांत दिसतो, म्हणजे आनुवंशिकतेचा थोडा भाग आहे. अलीकडे पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत तो पुष्कळदा आधीच कळतो. आईच्या हातून काही घडले म्हणून हे झाले, असे कोणीही कृपा करून म्हणू नये. ज्या बाईला पुढची चार वर्षे रोज रात्री त्या बाळाचे बूट बांधायचे आहेत, तिच्या माथी सुरुवातीलाच दोष मारला तर तिला उभारी कुठून येणार?

उपचाराची जी पद्धत आज जगभर मानली जाते ती डॉ. इग्नासियो पोन्सेटी यांची. हे १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मले. यादवी युद्धात सैनिकांवर उपचार केले, युद्धानंतर देश सोडावा लागला, आणि फ्रान्स, मेक्सिको असे करीत १९४१ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात पोहोचले. मोठ्या शस्त्रक्रिया झालेली पावले पुढे ताठर होतात, दुखतात, हे त्यांनी तेथे पाहिले आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस हाताने हळुवार वळवून प्लास्टर घालण्याची पद्धत बसवली. पुढची कित्येक वर्षे तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९९६ साली त्यांचे पुस्तक आले आणि त्यानंतर जगभरच्या डॉक्टरांनी ती उचलली. पोन्सेटी २००९ साली वारले. ३ जून हा त्यांचा जन्मदिवस आता जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळतात.

या पद्धतीत जन्मानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत उपचार सुरू करतात. दर आठवड्याला पाऊल थोडे थोडे वळवून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. अशी पाच-सहा प्लास्टर पुरतात. बहुतेक बाळांची टाचेमागची जाड शीर आखूड असते. ती बारीक छेदाने मोकळी करतात. टाके लागत नाहीत. त्यानंतरचे शेवटचे प्लास्टर तीन आठवडे राहते आणि तेवढ्या अवधीत शीर हव्या त्या लांबीने पुन्हा जुळून येते. इथवरचे काम डॉक्टरांचे. पुढचे घरचे.

पाऊल पुन्हा का वळते?

पाऊल सरळ झाले म्हणजे विकार गेला असे नाही. पावलाच्या आतल्या आणि मागच्या बाजूचे बंध, तसेच पोटरीचे स्नायू या बाळांत मुळातच आखडलेले आणि चिवट असतात. प्लास्टरने ते ताणले जातात, पण त्यांची आखडण्याची ओढ पहिली काही वर्षे कायम राहते. त्यातच बाळाचे पाऊल झपाट्याने वाढत असते. मुलीचे पाऊल पहिल्या वाढदिवसापर्यंत आणि मुलग्याचे दीड वर्षापर्यंत मोठेपणच्या लांबीच्या निम्मे होऊन जाते. हाडे लांबतात, बंध मागे ओढतात, आणि धरून ठेवणारे काही नसेल तर पाऊल आल्या वाटेने परत जाते.

धरून ठेवण्याचे काम ब्रेस करतो. आयोवा येथे पोन्सेटींच्याच सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेले आकडे मी पालकांना आवर्जून सांगतो. ज्या कुटुंबांनी ब्रेस नीट वापरला, त्यांच्या बाळांपैकी शंभरात सुमारे ६ जणांचे पाऊल पुन्हा वळले. ज्यांनी वापरला नाही, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात ८० च्या वर गेले. सुरुवातीला पाय किती वाकडा होता, प्लास्टर किती लागली, याचा इतका फरक पडत नाही, जितका बूट रोज घातले की नाही याचा पडतो. औषधाच्या बाबतीत इतका सरळ हिशेब क्वचितच पाहायला मिळतो.

ब्रेस म्हणजे दोन बूट आणि त्यांना जोडणारी एक दांडी. ही कल्पना डेनिस ब्राउन नावाच्या बालशल्यचिकित्सकाची, १९३० च्या दशकातली. जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अजूनही ‘डी. बी. स्प्लिंट’ असे लिहिलेले असते. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत बहुधा स्टीनबीक नमुन्याचा ब्रेस मिळतो. हा मूळचा आफ्रिकेतल्या युगांडा देशात तयार झाला. स्थानिक कारागिराला मिळेल त्या चामड्यात आणि लोखंडात करता यावा असा तो बेतलेला आहे. दिसायला ओबडधोबड, पण कामाला चोख.

वाकड्या पायाचा बूट दांडीवर ६० ते ७० अंश बाहेर वळवून बसवलेला असतो. दोन्ही पाय वाकडे असले तर बाळ उताणे निजल्यावर त्याची पावले घड्याळात दहा वाजून दहा मिनिटांचे काटे दिसतात तशी दिसतात. हे पाहून घरचे घाबरतात. “आत वळलेला पाय बाहेर वळवून ठेवलात, आता तो तसाच राहील,” असे एका आजींनी मला ठणकावले होते. तो तसा राहत नाही. बाळ चालू लागले की पाऊल आपोआप समोर येते. आत ओढणाऱ्या बंधांना ताणून धरायचे तर इतके बाहेर वळवावेच लागते.

एकच पाय वाकडा असला तरी बूट दोन्ही पायांत घालायचे. चांगल्या पायाचा बूट ३० ते ४० अंशांवर असतो. चांगल्या पायाला उगीच शिक्षा कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण वाकडे पाऊल बाहेर वळवून धरायला टेकू लागतो आणि तो टेकू दांडीच्या दुसऱ्या टोकाचा चांगला पायच देतो. दांडी काढून नुसता एक बूट घालून ठेवणे म्हणजे कुलूप लावून कडी उघडी ठेवणे. दांडीची लांबी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीएवढी असावी. त्याहून आखूड असली तर बाळ अवघडते.

बूट घालण्याची रीत

ही रीत मी प्रत्येक आईकडून माझ्यासमोर तीनदा करून घेतो, आणि घरातल्या दुसऱ्या एका माणसाकडून एकदा. वडील असतील तर वडिलांकडून.

आधी बाळाचे पोट भरलेले असावे. भुकेले बाळ कोणतेच बूट घालून घेत नाही. सुती मोजा घालून त्याच्या सुरकुत्या ओढून काढाव्यात. मोज्याची शिवण बोटांना टोचत असेल तर मोजा उलटा घालावा. जो पाय जास्त वाकडा होता तो आधी. गुडघा वाकवून धरावा, म्हणजे पोटरी सैल पडते आणि टाच खाली उतरते. पाऊल बुटात सरकवून टाच मागे आणि खाली पक्की बसवावी. मग सगळ्यांत आधी घोट्यावरचा मधला पट्टा आवळावा. टाच धरून ठेवण्याचे काम या पट्ट्याचे आहे, नाड्यांचे नाही. त्यानंतर नाडी बांधावी.

टाच खरोखर बसली की नाही, हे पाहण्याची एक सोपी खूण आहे. बूट बांधल्यावर पोटरी धरून हलकेच वरखाली करावी. बुटाच्या तोंडाशी दिसणारी बोटे पुढेमागे सरकली तर टाच वर उचललेली आहे. सोडून पुन्हा बांधावे. एकदा टाच नीट बसली की बोटे आतल्या तळावर कुठवर येतात तिथे पेनाने रेघ मारून ठेवावी. रोज त्या रेघेशी ताडून पाहता येते, आणि आई घरात नसताना बूट बांधणाऱ्या काकूलाही ती रेघ उपयोगी पडते. बोटे आत मुडपलेली नाहीत ना, तेही पाहावे.

घट्ट बांधायला सगळ्यांचेच हात कचरतात. रक्त थांबेल, अशी भीती वाटते. बोटे गुलाबी आणि उबदार असतील, आणि बोट दाबून सोडल्यावर पांढरी पडलेली जागा लगेच पुन्हा भरून येत असेल, तर रक्त व्यवस्थित चालले आहे. खरा त्रास होतो सैल बुटाने. सैल बुटात टाच वरखाली घासते आणि मागे फोड येतो. फोड आला म्हणून आई बूट आणखी सैल करते, आणि फोड आणखी वाढतो. हे चक्र मी फार पाहिले आहे.

पहिले तीन महिने

पहिले तीन महिने ब्रेस दिवसाचे २३ तास. उरलेला एक तास आंघोळीचा, मालिशचा आणि पाय मोकळे करण्याचा. पहिले दोन दिवस बाळ रडते, चिडते, रात्री जागवते. हे दुखण्याचे रडणे नसते. आतापर्यंत ते एकेक पाय वेगळा झाडत होते, आता दोन्ही एकदम हलवावे लागतात, याचा तो राग असतो. आईने बाळाला उताणे घेऊन दांडी धरावी आणि दोन्ही गुडघे एकदम वाकवून सरळ करण्याचा खेळ करावा. दोन-तीन दिवसांत बाळाला युक्ती सापडते आणि मग ते दांडीसकट पाय असे आपटते की घरातल्यांना कानात बोटे घालावी लागतात. रडते म्हणून बूट काढले, की रडले म्हणजे बूट निघतात एवढे बाळाला पक्के कळते. अपवाद एवढाच, की शांत असलेले बाळ अचानक जोरात रडू लागले, किंवा बोटे सुजली, निळसर पडली, तर बूट काढून पाय पाहावा.

मोजे काढल्यावर पायावर फिकट लाली दिसते आणि थोड्या वेळात जाते. ती चालते. लालभडक डाग, फोड किंवा सोललेली जागा दिसली तर दुसऱ्या दिवशीच दवाखान्यात यावे. आपल्या मनाने आठ दिवस बूट बंद ठेवू नयेत. लाल जागेवर मलम, खोबरेल तेल, पावडर काही लावू नये. त्याने कातडी मऊ पडून अधिक सोलते. न्हाऊ घालणाऱ्या बाईला सांगावे, की अंगभर मालिश खुशाल कर, पण पावलांचे तेल डाळीच्या पिठाने पुरते काढ, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुस, आणि पाऊल ओढून-पिळून सरळ करण्याच्या भानगडीत पडू नकोस. पाऊल वर नेण्याचा जो हलका व्यायाम दवाखान्यात शिकवला असेल तेवढाच करावा.

आणखी एक गोष्ट पुस्तकात सापडणार नाही म्हणून सांगतो. दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या घोट्याला काळा दोरा असतो, बारशाला आत्याने घातलेले वाळे असतात. हे दोन्ही बुटाच्या पट्ट्याखाली दबून कातडीत रुततात. दोरा मनगटाला बांधावा, वाळे पेटीत ठेवावेत. आत्याला वाईट वाटले तर माझे नाव सांगावे.

कपड्यांच्या बाबतीत आपल्याकडच्या आयांचे नशीब बरे. पावलांपर्यंत बंद असलेले विकतचे कपडे ब्रेसवर घालता येत नाहीत, पण झबले आणि लंगोट यांना ब्रेसची काही अडचण नाही. उलट दांडी धरून दोन्ही पाय एकदम उचलता येतात, त्यामुळे लंगोट बदलणे सोपे जाते. थंडीत दुपटे वरून पसरून घालावे. पाय सरळ करून घट्ट गुंडाळू नये. ते खुब्यांसाठीही चांगले नाही.

पाजताना दांडी आईच्या पोटाला लागते, आणि सिझेरियन झाले असेल तर टाक्यांवर बसते. अशा वेळी बाळाला बगलेखाली घेऊन, त्याचे पाय आपल्या पाठीकडे ठेवून पाजावे. दांडीला स्पंज किंवा जुन्या सुती लुगड्याची पट्टी गुंडाळावी. आईचे पोट वाचते, शेजारी निजणाऱ्या मोठ्या भावाचे नाक वाचते आणि दांडीही फरशीवर आपटत नाही. निजवायला झोळीपेक्षा सपाट पाळणा किंवा खाली अंथरूण बरे. झोळीच्या कापडात दोन्ही गुडघे एकमेकांवर दाबले जातात, दांडी तिरकी होते आणि एका बुटावर सगळा भार येतो. रानात कामाला जाणाऱ्या बाईला झोळीवाचून गत्यंतर नसते हे मला माहीत आहे. मग झोळी रुंद पसरून बांधावी आणि बाळाला तिच्यात आडवे न टाकता लांबीत निजवावे. कडेवर घेताना बाळाचे पाय दोन्ही बाजूंना टाकता येत नाहीत. पाठ आपल्या छातीला टेकवून, पाय पुढे ठेवून घ्यावे. मोटरसायकलवर तर दांडी कशातही अडकू शकते. बाळ दोघांच्या मध्ये घट्ट धरलेले असावे, नाहीतर एस.टी. बरी.

पावसाळ्यात चामड्याचे बूट ओलसर राहतात आणि आतून बुरशी धरतात. ज्या एका तासात बूट मोकळे असतात, त्या वेळी ते वाऱ्याला ठेवावेत, चुलीशेजारी नको. उन्हाळ्यात घामाने मोजे भिजतात, म्हणून मोज्यांचे निदान चार-पाच जोड असावेत. दांडीचे स्क्रू आठवड्यातून एकदा पिळून पाहावेत. लसीकरण वेळेवर करावे. लस मांडीत देतात, त्यासाठी ब्रेसची अडचण येत नाही.

माहेरहून सासरी

आता एका अशा गोष्टीविषयी, जी मला सर्व वैद्यकीय बारकाव्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. उपचार जन्मानंतर लगेच सुरू झाले असतील तर ब्रेस बाळाच्या अडीच-तीन महिन्यांच्या सुमारास सुरू होतो. आपल्याकडे नेमक्या याच काळात बाळंतीण माहेरहून सासरी जाते. प्लास्टर घालायला माहेरची आई सोबत आलेली असते, बूट कसे घालायचे ते तिने पाहिलेले असते. सासरी मात्र दांडीचे बूट घातलेले बाळ पहिल्यांदाच घरात येते. सासूबाईंना धक्का बसतो, शेजारणी बघायला येतात, कोणी हळहळते, कोणी म्हणते आमच्या गावात एक वैदू आहे. नव्या सुनेला या सगळ्यांसमोर ‘नाही’ म्हणणे सोपे नसते. मग पाहुणे आले की बूट काढायचे, बारशाला काढायचे, दिराच्या लग्नात चार दिवस काढायचे, असे सुरू होते. चार दिवसांनी पुन्हा घालायला जावे तर टाच बसत नाही आणि बाळ आकांत करते.

यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. शेवटचे प्लास्टर काढायच्या दिवशी मी सासरच्या एका तरी मोठ्या माणसाला बोलावतो. सासूबाई आल्या तर फारच उत्तम. बाळाचा पाय पहिल्या दिवशी कसा होता तो फोटो त्यांना दाखवतो आणि बूट त्यांच्याच हातून बांधून घेतो. ज्या आजीने स्वतः बूट बांधले, ती पुढे शेजारणींना मीच सांगावे तसे ठणकावून सांगते. आजोबा तास मोजू लागतात. ज्या घरात हे फक्त आईचे काम म्हणून राहते, तिथे एक दिवस आई थकते, आणि तिला थकण्याचा अधिकार आहे.

तीन महिन्यांनंतर पाऊल तपासून ठीक असेल तर दिवसाची सक्ती संपते. त्यापुढे रात्रीची झोप आणि दुपारची झोप मिळून १२ ते १४ तास. हे चौथ्या वर्षापर्यंत चालते. मोठ्या वयात उपचार सुरू झाले असतील तर वेळापत्रक थोडे वेगळे असते, ते डॉक्टर सांगतील. दिवसा बाळाने रांगावे, उभे राहावे, पडावे. ही मुले इतरांपेक्षा महिना-दोन महिने उशिरा चालू लागतात, एवढेच. दिवसा वेगळे खास बूट लागत नाहीत. वाकडा असलेला पाय आणि पोटरी दुसऱ्यापेक्षा थोडी बारीक राहते, पाऊलही किंचित लहान राहते. ते ब्रेस नीट वापरूनही तसेच राहते, त्याला घाबरू नये. ही मुले पळतात, खेळतात.

खरे तर हा रात्रीचा काळच जास्त घात करतो. मूल चालायला लागते, अंगणात पळते, पाय देखणा दिसतो. अशा मुलाला रोज रात्री दांडी कशाला, असे वाटणारच. ऊसतोडीला जाणाऱ्या एका कुटुंबातला तीन वर्षांचा मुलगा मला आठवतो. पहिले वर्ष आईने ब्रेस अगदी नेमाने वापरला होता. दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर कुटुंब कारखान्यावर गेले, बूट लहान झाले, तिथे दुसरे मिळेनात. उन्हाळ्यात परत आले तेव्हा मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत होते. पुन्हा तीन प्लास्टर घालावी लागली. पुढे पावलाची एक शीर उचलून दुसरीकडे जोडण्याची शस्त्रक्रियाही करावी लागली. ती आई हयगय करणारी नव्हती. तिच्या मुक्कामापासून बुटांचे दुकान लांब होते.

म्हणून जे कुटुंब सहा महिने बाहेर जाणार असेल, त्यांनी जाण्याआधी दवाखान्यात येऊन पुढच्या मापाचे बूट मागून न्यावेत. सध्याच्या बुटात बोटे तळाच्या कडेबाहेर लोंबू लागली की माप बदलायची वेळ झाली असे समजावे. पहिल्या वर्षात ही वेळ दर थोड्या महिन्यांनी येते.

पाऊल परत वळू लागल्याच्या खुणा आईला डॉक्टरांच्या आधी दिसतात. काल बसणारी टाच आज बुटात बसत नाही, बूट वारंवार निसटतो. चालताना टाच टेकत नाही, किंवा चप्पल बाहेरच्या कडेने झिजते. यातले काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यावे. सुरुवातीला एक-दोन प्लास्टरवर काम भागते.

खर्चाविषयी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला. त्यात तपासायच्या जन्मजात व्यंगांच्या यादीत क्लबफूट आहे. जन्मलेल्या बाळाचे पाय आत वळलेले दिसले तर आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला सांगावे. त्या जिल्हा रुग्णालयात कुठे जायचे ते सांगतील. सरकारी रुग्णालयांत प्लास्टरचे उपचार होतात, आणि बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने ब्रेसही मोफत मिळतो.

ब्रेस सुरू झाल्यावर पहिली भेट दोन आठवड्यांनी, दुसरी तीन महिन्यांनी, मग तीन वर्षांपर्यंत दर चार महिन्यांनी आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी ठेवतात. येताना बूट आणि दांडी बरोबर आणावी, बाळाने घातलेली असो वा नसो. किती तास घातले ते खरे सांगावे. बूट घातले गेले नाहीत म्हणून रागावतील, या धास्तीने पुष्कळ जण येणेच टाळतात आणि सहा महिने निघून जातात. बूट महिनाभर खुंटीला टांगलेले असले तरी या. तारीख चुकली असेल तर पुढच्या आठवड्यात या. दवाखाना त्याच वारी असतो.